ढोरं, माणसं आणि गावाची उतरंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणूस जनावराशी कसा वागतो आणि माणसामाणसांतली विषमता कशी टिकते, या दोन गोष्टींच्या नात्यावर मी शिकवते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे विद्यार्थी, शेतकरी आणि प्राण्यांसाठी झटणारी तरुण मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

हा अभ्यास प्राण्यांचा आहे की माणसांचा?

दोघांच्या नात्याचा. गायीला ताप किती, हे पशुवैद्य सांगेल. आम्ही विचारतो ते वेगळं. गाय कुणाची? तिचं शेण कोण काढतं? दुधाचे पैसे कुणाच्या हातात पडतात? ती भाकड झाली की काय करायचं हे कोण ठरवतं? आणि मेली की तिला कोण उचलतं? एकाच गायीभोवती या पाच प्रश्नांना पाच वेगळी माणसं उत्तर म्हणून निघाली, तर त्या पाचांत वर कोण आणि खाली कोण हे लगेच दिसतं. जमिनीचा सातबारा बघून जे कळत नाही, ते गोठ्यात तासभर बसलं तर कळतं, असा माझा अनुभव आहे.

समाजशास्त्रात हा विषय कधी आला?

उशिरा. माणूस आणि प्राणी यांच्या संबंधांचं समाजशास्त्र तत्त्वतः शक्य आहे, असं जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं, पण ते सूत्र फार दिवस कुणी धरलं नाही. अमेरिकी विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी भांडणाऱ्या दोन कुत्र्यांचं उदाहरण घेतलं, पण ते माणूस कसा वेगळा आहे हे दाखवायला. १९७९ मध्ये क्लिफ्टन ब्रायंट या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं आपल्याच लोकांना विचारलं, की समाजात पावलोपावली प्राणी असताना आपल्या लिखाणात ते कुठेच का नाहीत? अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनमध्ये 'प्राणी आणि समाज' हा स्वतंत्र विभाग व्हायला २००२ साल उजाडलं.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न पुस्तकातून यायची वाट पाहावी लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर तो उघडपणे मांडला गेला. जनावरांना त्या तळ्यावर पाणी प्यायला मज्जाव नव्हता, अस्पृश्य मानलेल्या माणसांना होता. प्राण्याला माणसापेक्षा वर ठेवून माणसाला खाली ढकलता येतं, हे सांगायला याहून स्पष्ट उदाहरण मला जगाच्या अभ्यासात कुठे सापडलेलं नाही.

खानदेशात सुरुवात कुठून करावी?

पोळ्यापासून. श्रावण अमावस्येला बैल नदीवर धुतले जातात, शिंगं रंगतात, झूल, गोंडे, घुंगरमाळा चढतात, मारुतीच्या देवळापुढे ते उभे राहतात आणि मग दारोदारी पूजा होऊन पुरणपोळीचा घास खातात. आदल्या दिवशीच्या खांदेमळणीत जुवाखाली घट्टे पडलेला खांदा गरम पाण्यानं शेकून हळद-तूप चोळतात. वर्षभर ओझं ओढणाऱ्या जिवाची अशी मनापासून माफी मागणारा सण माझ्या फार जवळचा आहे. तो खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण पोळ्यात रांग असते. पहिला मान कुणाच्या बैलाचा, हे गावाला पाठ असतं. जुन्या पद्धतीच्या गावात तो पाटलाचा. त्याच्यामागे मोठ्या खातेदारांच्या जोड्या, आणि दलित वस्तीतली एखादी जोडी असलीच तर ती शेवटी. या क्रमावरून महाराष्ट्रात कितीतरी गावांत भांडणं झाली आहेत. बैलाला रांगेचं काही नसतं. त्याच्या शिंगावर आपण आपली पायरी रंगवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बैल धुणारा, सजवणारा आणि मिरवणुकीत कासरा धरणारा. तो बहुतेक वेळा मालक नसतो, सालदार असतो, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी होतात आणि त्याच सुमारास सालाचे आकडे ठरतात. आगाऊ उचल दिली जाते, वर धान्य, कपडे, चपला, कधी एखादी चादर. कामावर आला नाही तो दिवस 'खाडा' म्हणून मांडला जातो आणि हिशेबात कापला जातो. सालदारांत भिल्ल, पावरा, बारेला कुटुंबं बरीच आहेत, सातपुड्यातून आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातून आलेली. आज कितीतरी गावांत सालाचा आकडा लाखाच्या पुढे गेला आहे आणि माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी हवालदिल आहे, हेही खरं. तरी पोळ्याला बैलाला विश्रांती असते, आणि त्या दिवशी सालदाराचं काम नेहमीपेक्षा जास्त असतं.

लहानपणी आमच्या गल्लीत एक सालदार काका होते. मालकाच्या बैलांना ते नेहमी 'मना बैल' म्हणायचे. अहिराणीत 'मना' म्हणजे माझा. बैल विकायचा ठरला तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी बैल घेऊन त्यांनाच पाठवलं आणि ते रिकामा कासरा खांद्यावर टाकून परत आले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मालकी आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मायेला सौद्यात जागा नसते, हे मला पुढे कुठल्याही वर्गात याहून नीट कुणी शिकवलं नाही.

सालदाराची बैलाशी तुलना करणं हा त्या माणसाचा अपमान नाही का?

तुलना करण्यात धोका आहे, आणि तो मी गंभीरपणे घेते. 'ढोर' हा शब्द घ्या. अहिराणीत आणि मराठीत तो गुराढोरांसाठी आहे. 'ढोरासारखा राबला' असं आपण सहज म्हणतो. पण चामडं कमावणाऱ्या एका जातीचं नावही तेच आहे आणि ते अनुसूचित जातींच्या यादीत नोंदलेलं आहे. कामामुळे जनावराशी आलेला संबंध माणसाच्या नावालाच चिकटला आणि मग त्याच नावानं त्याला हिणवलं गेलं. ज्यांच्या पिढ्यांना जनावराच्या पायरीवर ठेवलं, त्यांना 'तुम्ही आणि जनावरं सारखेच' असं अभ्यासाच्या नावाखाली पुन्हा ऐकवणं चुकीचंच.

म्हणून मी माणसाची बैलाशी तुलना करत नाही. मी दोघांना एकाच जुवाला जुंपणारी व्यवस्था बघते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड निबर्ट यांची मांडणी इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते आधी तिरस्कार आणि मग पिळवणूक असं घडत नाही. आधी आर्थिक फायदा असतो, मग तो टिकवायला सत्ता लागते, आणि शेवटी 'हे असंच असायचं' असं पटवणारा विचार उभा राहतो. जनावरांच्या बाबतीत आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या बाबतीत हा क्रम सारखा चालतो, असं ते म्हणतात. मला स्वतःला ही मांडणी जातीला पूर्ण लागू पडते असं वाटत नाही, कारण जातीत शिवाशिव आहे, आणि शिवाशिवीचा हिशेब निव्वळ पैशात बसत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न.

मेलेलं जनावर कोण उचलतं, हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

कारण जिवंत गाय आणि मेलेली गाय यांच्यामध्ये जातीची रेघ आहे. जिवंतपणी जिच्या अंगावरून हात फिरवून तो हात कपाळाला लावायचा, ती मेली की तिला शिवणारा माणूस अपवित्र ठरायचा. महारकीच्या वतनी कामांत मेलेली जनावरं गावाबाहेर ओढून नेणं हे एक ठरलेलं काम होतं. त्याचा मोबदला म्हणजे कातडं, मांस आणि तुटपुंजं बलुतं. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या परिषदेत ही कामं आणि मृतमांस सोडायला सांगितलं ते यासाठी. त्या हाकेला ओ देऊन खानदेशातल्याही कितीतरी महारवाड्यांनी ढोरं ओढणं थांबवलं, आणि त्याची किंमत गावकऱ्यांच्या रोषातून मोजली. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. म्हणजे लोकांनी काम आधी सोडलं होतं, सरकारनं ते नंतर मोडीत काढलं.

हा इतिहास जुना झाला, असं कुणी म्हणालं तर मी शेजारच्या गुजरातकडे बोट दाखवते. जुलै २०१६ मध्ये उना तालुक्यात मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारलं गेलं. त्यानंतर त्या राज्यात अनेक ठिकाणी दलितांनी जनावरं उचलायला नकार दिला आणि सुरेंद्रनगरला ती थेट कलेक्टर कचेरीपुढे आणून टाकली. ज्या कामाला समाज घाण म्हणतो, ते काम थांबलं की त्याच समाजाचा श्वास कोंडतो.

आज आमच्या भागात जेसीबीनं खड्डा करून जनावर पुरतात. मशीन आल्यानं शिवाशिवीचा एक प्रसंग कमी झाला, याचा मला आनंद आहे. पण ज्या गावात मशीन लगेच मिळत नाही, तिथे फोन कुणाला जातो ते विचारून बघा.

जनावराशी क्रूर वागणारा माणूस पुढे माणसांशीही तसाच वागतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर लोकांना वाटतं तितकं सरळ नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात अर्नोल्ड आर्लुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर अत्याचार केल्याबद्दल खटला झालेल्या १५३ जणांची नोंद तपासली आणि त्यांच्याच शेजारच्या १५३ जणांशी ताडून पाहिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अत्याचार करणाऱ्यांपैकी ३७ टक्के लोकांवर माणसांविरुद्धच्या हिंसेचा गुन्हा आढळला, शेजाऱ्यांपैकी ७ टक्के लोकांवर. फरक मोठा आहे. पण त्याच अभ्यासानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. या लोकांवर चोरी, अमली पदार्थ असे इतर गुन्हेही जास्त होते. आणि 'आधी जनावर, मग माणूस' असा ठरावीक क्रम दिसला नाही. माणसांविरुद्धचा गुन्हा आधी असण्याची शक्यताही तितकीच होती. म्हणजे लहानपणी सरड्याला दगड मारणारं पोरगं मोठेपणी खुनी होतं, हे या पुराव्यावरून म्हणता येत नाही.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो घरातला धागा. फ्रँक अॅसिओन यांनी अमेरिकेतल्या युटा राज्यात, मारझोडीमुळे घर सोडून आसऱ्याला आलेल्या ३८ स्त्रियांशी बोलून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होता, त्यांतल्या ७१ टक्के जणींनी सांगितलं की नवऱ्यानं किंवा जोडीदारानं प्राण्याला इजा करण्याची धमकी दिली होती किंवा खरोखर इजा केली, मारलं. अभ्यास लहान आहे, पण पुढे इतरांनाही असंच चित्र दिसलं. प्राणी तिथे बाईला धाकात ठेवायचं साधन होतो.

आपल्या घरांत कुत्र्यामांजरापेक्षा शेळी ही बाईच्या जवळची. दारू पिऊन आलेल्या नवऱ्यानं बायकोची शेळी परस्पर विकून टाकली, हे मी एकाहून जास्त घरांत ऐकलं आहे. ती शेळी तिनं माहेरून आणलेली किंवा बचतगटाच्या कर्जातून घेतलेली असते. तिचं दुखणं फक्त पैशाचं नसतं. कौटुंबिक हिंसेची नोंद घेताना 'घरातलं जनावर विकलं का, मारलं का' हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच जात नाही. तो विचारायला हवा.

कत्तलखान्यात काम करून माणूस हिंसक होतो का?

एमी फिट्झगेराल्ड, लिंडा कॅलॉफ आणि थॉमस डीट्झ यांनी अमेरिकेतल्या ५८१ काउंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, १९९४ ते २००२ या काळातली आकडेवारी तपासली. इतर तशाच कष्टाच्या कारखान्यांच्या तुलनेत जिथे कत्तलखान्यातला रोजगार जास्त, तिथे हिंसक गुन्ह्यांसाठी आणि बलात्कारासाठी होणाऱ्या अटकाही जास्त होत्या. पण हे अजस्र, यंत्रावर चालणारे कारखाने आहेत. आपल्या बाजारपेठेतल्या खाटकाच्या दुकानाला हा निष्कर्ष चिकटवणं अन्यायाचं आहे. ते करून कुणा एका समाजाला हिंसक ठरवणारे लोक मी भेटले आहे आणि त्यांना हा अभ्यास नीट वाचायची विनंती केली आहे. तो कारखान्याबद्दल आहे, कुठल्या जातीधर्माबद्दल नाही.

गरीब, अडाणी लोकच जनावरांना जास्त मारतात, हे खरं नाही का?

रस्त्यावर दिसतं ते तसंच. पराणी टोचणारा हात गाडीवानाचा असतो. ऊसतोडीच्या हंगामात बैलगाडीवर क्षमतेपेक्षा जास्त ऊस लादलेला दिसतो, बैलाच्या तोंडाला फेस येतो, आणि चीड त्या गाडीवानावर निघते. माझीही निघायची.

मग आकडा बघायला शिकले. मजुराला मोबदला टनावर मिळतो. हंगामाआधीच घेतलेली उचल फेडायची असते. खेप कमी केली तर उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे बांधलं जावं लागतं. धुळे, नंदुरबारच्या भागातून दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जाणाऱ्या मजुरांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकापासून लिहिलं. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणूस हत्याराच्या नावानं मोजला जातो. ज्या हिशेबात माणसाचा कोयता होतो, त्यात बैलाच्या पाठीची दया कोण करणार? बैलाला मारणारा हात दिसतो, ओझं ठरवणारा हात कारखान्याच्या आत असतो.

कायद्यालाही दिसणारा हातच सापडतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, तोही आजवर तसाच. दंड हास्यास्पद आहे, तो वाढलाच पाहिजे. पण नुसता दंड वाढवून ओझ्याची मर्यादा कारखान्यावर घातली नाही, तर वाढलेला दंड पुन्हा गाडीवानाच्याच खिशातून जाईल.

याचा अर्थ गरिबाच्या हातून झालेली क्रूरता क्रूरता नाही, असा मुळीच नाही. बैलाला लागायचं ते लागतंच.

शेळ्या-मेंढ्यांचा विषमतेशी काय संबंध?

जमीन नसलेल्याला जी गोष्ट बाळगता येते, ती शेळी. म्हणून तिला गरिबाची गाय म्हणतात. पोराची फी, बाईचं बाळंतपण, तेराव्याचा खर्च, सगळं तिच्यावर. तिला चारा मात्र स्वतःच्या बांधावर नसतो. गायरान, नदीकाठ, जंगल आणि कापणी झालेली दुसऱ्याची शेतं हेच तिचं रान. गायरानावर अतिक्रमण झालं, तिथे सोलर प्रकल्प आला, किंवा शेतकऱ्यानं केळीला ठिबक लावून कुंपण घातलं, की पहिला फटका शेळीवाल्या बाईला बसतो.

गुरं दुसऱ्याच्या शेतात शिरली की कोंडवाडा. त्यामागचा कायदा १८७१ चा आहे. त्याच वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचाही कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही आला. भटकणारं जनावर कोंडवाड्यात आणि भटकणारा माणूस पोलिसांच्या हजेरीत: एकाच वर्षाचं हे दोन कायद्यांचं जोडपं मी विद्यार्थ्यांना नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचायला देते. दुसरा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पहिला अजून आहे.

साक्री, धुळे भागातल्या ठेलारी मेंढपाळांकडे पाहिलं की हे सगळं एकत्र दिसतं. तापीकाठच्या 'थिल्लारी' या खिल्लारी बैलांच्या प्रकाराचं नाव यांच्याशीच जोडलेलं आहे. म्हणजे ज्या बैलजोडीचा शेतकरी अभिमान मिरवतो, ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासणारे लोक स्वतः बिनजमिनीचे फिरत राहिले. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यात चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क शब्दांत आहे. कागदावरून रानात तो उतरवायला मात्र ठेलाऱ्यांना अजून वणवण करावी लागते.

उलट बाजूही सांगायला हवी. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून जंगल परत उभं केलं. ती बंदी गावानं स्वतः बसून ठरवली होती. तीच बंदी बाहेरून लादली असती, तर गाव तिला इतकं जपलं असतं असं मला वाटत नाही.

बिबट्याचा हल्ला तर कुणावरही होऊ शकतो. त्यात कसली विषमता?

बिबट्या जात बघत नाही. पण रात्री उघड्यावर कोण झोपतं, हे गावानं ठरवलेलं असतं. २०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांनी माणसं गेली, आणि डिसेंबरात त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. ते दिवस कापूस वेचणीचे होते. वेचणीला वाकलेली बाई, शेतातल्या झोपडीत राहणारं सालदाराचं कुटुंब, राखणीला गेलेला माणूस यांना धोका सगळ्यात जास्त असतो. मालकाचं घर गावात असतं, दाराला कडी असते. शेतात रात्री वीज येते म्हणून मोटार चालू करायला जाणारा शेतकरीही याच यादीत येतो, हे विसरू नये.

सातपुड्यात वाघदेव पुजला जातो. भिल्ल, पावरा, कोकणी हे आदिवासी लोक त्याच्याशी एक करार केल्यासारखं राहत आले. इंग्रजी अमलात १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम वाघांचा शिकारी म्हणून गाजला, सरकार हिंस्र जनावरं मारायला बक्षिसं देई. पुढे जंगलं राखीव झाली आणि भिल्लानं ससा मारला तरी गुन्हा झाला. वाघ संपण्याचं माप आदिवासीच्या पदरात टाकणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

आणि नर्मदेचं विसरून चालणार नाही. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ आदिवासी गावं बाधित झाली, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. नर्मदेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादानं १९७९ मध्ये खातेदार कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन ठरवली. पण डोंगरातल्या माणसाची श्रीमंती गुरं आणि शेळ्या-कोंबड्यांत होती, आणि त्यांना चरायला अख्खा डोंगर होता. पुनर्वसन वसाहतीत चराईला जागा नाही, गुरं विकावी लागली, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षं होत राहिली. जमीन मोजली गेली, कुरण हिशेबात आलंच नाही.

२०१५ च्या गोवंश कायद्याकडे समाजशास्त्र कसं पाहतं?

महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यापासून होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत झाली. मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आलेलं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

बैलाला कसायाकडे देताना रडणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांची भावना खरी आहे. पण म्हाताऱ्या बैलाला रोज चारापाणी लागतं आणि त्याचा भार कायद्यानं कुणावर टाकला? ज्याच्याकडे एक जोडी आणि तीन एकर कोरडवाहू आहे, त्याच्यावर. आधी जुना बैल विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून नवा गोऱ्हा घेता यायचा. ते चक्र तुटलं. बाजारात खरेदी करणारा कुरेशी व्यापारी, जनावरं वाहून नेणारा ड्रायव्हर, कातड्यावर जगणारा चर्मकार या सगळ्यांचं पोट त्या चक्रात होतं, आणि आता रात्रीच्या रस्त्यावर अडवलं जाण्याची भीती त्यांच्याच वाट्याला आली आहे. शहरातल्या भक्ताला या दयेसाठी काही मोजावं लागलं नाही. दया करायची तर खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

बैल तसेही कमी होत आहेत. देशात २०१२ च्या पशुगणनेत नर गोवंश सुमारे ६.७९ कोटी होता, २०१९ मध्ये ४.७४ कोटी. गायी मात्र वाढल्या. यात ट्रॅक्टरचा वाटा मोठा आहे. ट्रॅक्टरनं सालदाराची जागाही बदलली: ज्याला ड्रायव्हिंग येतं तो टिकला, ज्याला फक्त बैलांची भाषा येत होती त्याचं ज्ञान एका पिढीत बिनमोलाचं झालं.

खाण्यावरून होणारा भेदभाव यात बसतो का?

बसतो. अस्पृश्यतेचा उगम गोमांसाशी जोडणारी मांडणी आंबेडकरांनी १९४८ मध्ये केली. ती पटो न पटो, अन्नावरून माणसाची पायरी ठरते हे त्यांनी पुराव्यानं दाखवलं. आज जळगावात खोली भाड्यानं शोधणाऱ्या मुलाला 'नॉनव्हेज चालणार नाही' असं सांगितलं जातं, तेव्हा कितीदा त्यातून आडनाव न विचारताच जात विचारलेली असते.

मदारी, दरवेशी यांची अस्वलं-माकडं सोडवली, हे तर चांगलंच झालं ना?

प्राण्यांसाठी हो, निःशंक. १९९८ च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ बंद झाले. नाकातून दोरी ओवलेलं अस्वल मला लहानपणापासून बघवत नसे. पण सुटलेल्या प्राण्याला केंद्र मिळालं, आणि ज्याचा धंदा गेला त्या कुटुंबाला बऱ्याच ठिकाणी काहीच मिळालं नाही. गावाबाहेरच्या पालातली ती पोरं आता सिग्नलवर किंवा कचऱ्यात आहेत. सुटका करताना दोरीची दोन्ही टोकं धरावी लागतात.

मला खानदेशातच अभ्यास करायचा आहे. काय करू?

आठवड्याच्या गुरांच्या बाजारात जा. सौदा रुमालाखाली बोटांनी होतो, तो किती रुपयांना झाला यापेक्षा रुमालाच्या बाहेर कोण उभं आहे ते पाहा. मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. लाखांचे घोडे बघायला गर्दी असते. तुम्ही त्यांना रात्रभर चंदी देणाऱ्या, मालिश करणाऱ्या, त्यांच्याच शेजारी घोंगडी टाकून झोपणाऱ्या पोरांशी बोला. दूध डेअरीवर सकाळी जा. खातं कुणाच्या नावानं आणि कॅन कुणाच्या डोक्यावर, हे दोन रकाने वहीत करा.

मालकाच्या ओट्यावर बसून सालदाराची मुलाखत घेऊ नका. तो काहीच खरं सांगणार नाही, आणि सांगितलं तर आखाजीला त्याचं साल तुटेल. गोठ्यात जा, शेण काढायला हात लावा. 'पशुधन' म्हणू नका, 'ढोरं' म्हणा, पण कुणाच्या वस्तीत बसून तो शब्द वापरताय हे ध्यानात ठेवा. आणि पहिला प्रश्न बैलाचं नाव विचारायचा. नाव सांगताना माणूस बैलाच्या मानेवर हात ठेवतो. त्यानंतर तो बराच वेळ बोलतो.